खुर्चीवरची फळी

“चार महिन्यांचं भाडं थकलंय, काका. कागद नाही, करार नाही. बाबांनी शब्द दिला होता म्हणता, तर साक्षीदार आणा. नाहीतर सलून रिकामं करा.”

“आणतो, धाकटे मालक. आधी दाढी तर होऊ द्या.” काकांनी त्याच्या चेहऱ्यावर गरम टॉवेल ठेवला.

वाफेत त्याचे डोळे मिटले. कात्रीची कचकच लांब लांब जात राहिली. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी आली आणि तिच्यावर तो एवढासा होऊन बसला, पाय अधांतरी. शेजारच्या खुर्चीत बाबा होते, गालभर फेस. ते काकांना म्हणत होते, “भाडं मागंपुढं झालं तरी तुला इथून कुणी उठवणार नाही. काय हो धाकटे मालक, चालेल ना?” त्याने आनंदाने जोरात मान हलवली आणि वस्तरा कानामागे लागला.

तो दचकून जागा झाला. काकांचं बोट त्याच्या कानामागच्या जुन्या व्रणावर थांबलं होतं. आरशात दोघांची नजरानजर झाली.

“रविवारी पोराला आणतो, काका. ती फळी आहे ना अजून?”

“आहे की. फक्त मान हलवू नको म्हणावं त्याला.”