एबिसावाचा उपाय

एबिसावाने गॉगल उलटा धरला, घसा खाकरला आणि दोन्ही काचांच्या आतल्या बाजूला एकेकदा थुंकला. मग अंगठ्याने ते गोल गोल चोळत शेजारच्या नवख्या खेळाडूला म्हणाला, "आता तीन तासांत वाफ धरली तर नाव बदलीन. आणा तुमचाही."

नवख्याने आपला गॉगल पाठीमागे लपवला. भाड्याचे गॉगल देण्याच्या खिडकीच्या आत उभ्या असलेल्या हात्सुएने तोंड फिरवलं.

जुलैचा रविवार होता. चिबातल्या त्या रानात सकाळी नऊलाच अंग चिकचिकत होतं. नवऱ्यामागे तिथलं खेळाचं मैदान हात्सुएच चालवत होती. खेळ साधाच. दोन पक्ष, झाडीत लपायचं, खेळण्यातल्या बंदुका, प्लास्टिकचे छर्रे. ज्याला छर्रा लागेल त्याने प्रामाणिकपणे हात वर करून बाहेर यायचं. एका नियमाला मात्र माफी नव्हती: मैदानात असेपर्यंत डोळ्यांवरचा गॉगल हलवायचा नाही.

पण या दिवसांत घामाने, श्वासाने काचा आतून धुरकटायच्याच. समोरचं झाड दिसेनासं व्हायचं आणि हात आपोआप गॉगलकडे जायचा. मासातोचा गेला होता तसा.

मासातो तिचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात वाफेला वैतागून त्याने गॉगल क्षणभर कपाळावर सरकवला आणि कुणाचातरी छर्रा डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला. सगळे म्हणाले, चूक त्याचीच. मासातोही तेच म्हणाला. तेव्हापासून तो मैदानात पाऊल टाकत नसे. आत बसून छर्रे पिशव्यांत भरायचा आणि कुणी बोलायला आलं की उजवी बाजू पुढे करायचा. हात्सुएने मग शहरातून वाफेवरचं औषध मागवायला सुरुवात केली. प्रत्येक भाड्याच्या गॉगलला ती ते स्वतः लावायची. तेही अर्ध्या तासातच दगा द्यायचं.

छर्रा मारला कुणी, हे मात्र आजवर कुणी पुढे येऊन सांगितलं नव्हतं. हात्सुएचा संशय एकाच माणसावर होता.

एबिसावा त्या दिवशी समोरच्या पक्षात होता. चोशीच्या बंदरात मासे उतरवणारा पन्नाशीतला गडी. पूर्वी दोन-तीन महिन्यांतून एकदा उगवायचा. त्या दिवसानंतर एक रविवार चुकवला नव्हता. येताना मासातोसाठी कधी खरबूज आणायचा, कधी सुकवलेले तारली मासे, आणि त्याच्यापाशी बसून राहायचा. मग दिवसभर आपल्या आणि कुणीही देईल त्याच्या गॉगलवर थुंकायचं, आणि घड्याळात बघत विचारत सुटायचं, किती वेळाने धरली वाफ?

त्याचे पिवळे दात, कपड्यांना येणारा खारट उग्र वास, ओठांच्या कोपऱ्यात सुकलेला फेस, सगळ्याचीच तिला किळस यायची. त्याने हात लावलेला गॉगल परत आला की ती तो दोन बोटांत धरून बादलीत टाकायची. पण सगळ्यात जास्त शिसारी तिला त्या खरबुजांची येई. पोराचा डोळा घ्यायचा आणि वर फळं आणायची.

दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन आत गेली, तर एबिसावा मासातोच्या रोजच्या चष्म्यावर थुंकून तो बनियनला पुसत होता आणि मासातो हसत होता. हात्सुएने डबा तसाच खाली ठेवला आणि एबिसावाला मागे नळापाशी बोलावलं.

"पुढच्या रविवारपासून येऊ नका."

"थुंकतो म्हणून?"

"उगाच वेड पांघरू नका, एबिसावासान. तो छर्रा तुमचा होता."

 त्याने शांतपणे सांगितलं, की त्या डावात तो पहिल्या पाच मिनिटांतच बाद होऊन बाहेरच्या विश्रांतीच्या तंबूपाशी येऊन बसला होता. चार जण सोबत होते, त्यांची नावंही त्याने सांगितली. त्यातले दोघे आजही आले होते. खोटं बोलणारा माणूस असं विचारून घ्या म्हणत नाही, हे हात्सुएला कळत होतं. तिचा आवाज उतरला. मग तीन वर्षं इथे कशाला येता, तिने विचारलं.

एबिसावाने डोक्यावरची टोपी काढली.

"गुन्हा माझाच आहे, ताई, पण वेगळा. त्या सकाळी मासातो स्वतःचा गॉगल घरी विसरून आला होता. भाड्याचा उचलून माझ्याकडे आला, म्हणाला, काका, तुमचा उपाय करा. मी केला, अगदी मन लावून. छातीवर हात ठेवून सांगितलं, तीन तास काळजी नको. मग गॉगल सुकायला तुमच्या खिडकीत ठेवला आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आल्यावर त्याने तोच घातला, आणि पंधरा मिनिटांत त्याला दिसेना झालं."

आतून मासातोने काहीतरी विचारलं. एबिसावाने आवाज खाली आणला.

"तेव्हापासून दर रविवारी करून बघतो," एबिसावा म्हणाला. "माझ्यावर करतो, लोकांवर करतो. शिव्या खातो. शेकडो वेळा केलं असेल, एकदाही तासाच्या आत वाफ धरली नाही. मग त्याच दिवशी माझं काय चुकलं, तेवढं अजून कळत नाही."

हात्सुए नळाकडे बघत उभी राहिली. त्या सकाळी खिडकीतल्या एका गॉगलवर कुणाचीतरी थुंकी चमकताना तिला दिसली होती, आणि ओकारी दाबत तिनेच तो या नळाखाली साबण लावून लख्ख धुतला होता आणि कोरडा पुसून होता तिथे ठेवला होता.