तीन घरं अलीकडं

मोटार चुकीच्या घरापुढं थांबली. पण असं काही घडलंच नाही, असं आपण धरून चालू. उंब्रजचे नाथाजी आजही तसंच धरून चालतात, आणि मोटार त्यांची आहे.

तर, त्र्याहत्तर साली एका दुपारी ती मोटार माधवनगरात शिरली. अडतीस सालची, काळी, विलायती. स्टेअरिंगवर नाथाजी, डोक्याला पटका. शेजारी मुलगा ज्ञानू, पलटणीच्या वर्कशॉपातला मेकॅनिक. त्याच्या रजेचे सहा दिवस उरले होते. आता जमलं नाही तर लग्न दोन वर्षं लांबणार. मागं नाथाजींची बहीण राहीबाई. कृष्णात नावाच्या गृहस्थाची मुलगी बघायला चालले होते. नाथाजींनी कृष्णातला शब्द दिला होता. ज्ञानूला फक्त इस्त्रीची पँट घालायला सांगितलं होतं. मुलगी पाहिलेली एकट्या राहीबाईंनी. त्यांनी खूण सांगितली होती : मिलच्या मागची गल्ली, डाव्या हाताचं नववं दार. आणि कराड सुटताच त्यांना झोप लागली होती.

हे नवीन होतं. त्या मोटारीत कुणाला झोप लागल्याचं ऐकिवात नव्हतं. मागच्या खेपेला राहीबाईंची पानाची चंची तीनदा टपाला लागून आली होती. पण रजेवर आल्या आल्या ज्ञानूनं मोटार खोलली. जुने सळयांचे ब्रेक काढून लिलावातल्या जीपचे तेलाचे ब्रेक घातले. मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे कमी केले, शॉकॲब्सॉर्बर नवे बसवले. नाथाजी रोज विचारायचे, "आरं, मोटार पळती की. मग थांबायची येवढी घाई कशाला?"

"बघा तुमी, आबा," म्हणून ज्ञानू मोटार ट्रायलला न्यायचा तो दिवेलागणीला परत यायचा. ब्रेक बघायला एवढा लांब रस्ता का लागतो, हे नाथाजींना कळेना. थांबायचंच तर दारातही थांबता येतं.

पस्तीस वर्षं त्या मोटारीचा एकच रिवाज होता. ब्रेक दाबला की ती आधी विचार करायची. तीन घरं विचार करून झाला की थांबायची. म्हणून नाथाजी तीन घरं आधी ब्रेक दाबत, डोळे मिटत आणि म्हसवडच्या सिद्धनाथाचं नाव घेत. नाव घेऊन होईतो मुक्काम आलेला असे.

त्यांनी दारं मोजली. सहाव्याशी ब्रेक दाबला, डोळे मिटले.

मोटार जागच्या जागी थांबली. इतकी अलगद की राहीबाईंचं घोरणंसुद्धा तुटलं नाही. नाथाजींनी डोळे उघडले. समोर घर होतं. दारात माणूस होता. माणूस "या, या" म्हणत होता. यापलीकडं खातरजमा करायची आपल्याकडं पद्धत नाही.

तो माणूस आकाराम, मिलमधून पहिली पाळी करून नुकताच आलेला. दारात मोटार, मोटारीत पटका, पटक्याशेजारी इस्त्रीची पँट. आणि घरात लग्नाची मुलगी. त्यानं तरी काय विचारावं? आधी पायावर पाणी, मग गूळ, मग चहा. नाव-गाव सगळ्यांत शेवटी. घरात पोहे नव्हते. त्याची बायको मागच्या दारानं वाटीभर उसने आणायला गेली ती फोडणीच्या पोह्यांचं पातेलंच घेऊन आली. तीन घरं पलीकडं पाहुण्यांसाठी करून ठेवले होते, पाहुणेच येईनात.

आकारामची मुलगी अंजना येऊन पाटावर बसली. नाव झालं, शिक्षण झालं, भाकरी झाली. नाथाजी म्हणाले, "तुला काय इचारायचं असंल तर इचार, पोरी."

अशा वेळी मुलीनं मान खाली घालायची असते. अंजनानं ज्ञानूकडं पाहिलं. "आज ब्रेक दाबल्यावर मोटार डावीकडं वढली न्हाई. काय केलंसा?"

"उजव्या चाकाच्या नळीत हवा राह्यली हुती," ज्ञानू म्हणाला. "काढली."

"मला वाटलंच."

नाथाजी खूश. मुलगी लाजाळू आहे असं राहीबाई म्हणाल्या होत्या, पण बायकांचं काय घेऊन बसलात. त्यांनी तिथंच सुपारी फोडली.

आणि दारात राहीबाई उभ्या राहिल्या, पदर सावरत, डोळे चोळत.

"दादा, हे सहावं दार! लोकं तिकडं वाट बघत्यात!"

नाथाजींचा शब्द नवव्या दारात आणि सुपारी सहाव्या. त्यांनी मुलाकडं पाहिलं. "आता रं?"

"ब्रेक परत जोडता येत्यात, आबा," ज्ञानू खाली बघत म्हणाला. "सुपारी न्हाई."

नाथाजी तीन घरं पायी चालत गेले. कृष्णातपुढं हात जोडले. "गड्या, चुकलं. ब्रेक लागला."

कृष्णातनं सहाव्या दाराशी उभ्या मोटारीकडं पाहिलं. मग म्हणाला, "आन् आमचं पातेलं?"

मुहूर्त निघाला बारा दिवसांवरचा. ज्ञानूनं रजेच्या वाढीचा कच्चा अर्ज लिहिला आणि मास्तरांकडून इंग्रजी करून आणायला नाथाजींकडं दिला. नाथाजींनी तो वाटेत, पाराजवळ थांबून, उघडला.

'अर्जदाराची दोन महिन्यांची रजा पुढील तांत्रिक कामी खर्ची पडली : आत्याबाईंस झोप लागेल इतपत पाटे मऊ करणे, वडील ब्रेक तीन घरे आधी दाबतात हे ध्यानी घेऊन मोटार तिथेच थांबेल अशी करणे, आणि माधवनगर येथे सहाव्या दारासमोर चार वेळा चाचणी घेणे, पैकी पहिली चुकून. तरी सदरचे सर्व दिवस लष्करी कर्तव्यावर धरून अर्जदारास रजा नव्याने मंजूर व्हावी, ही विनंती.'