आदरार्थी आज्ञा

कंपनीत स्पेनचे ग्राहक येणार म्हणून नवऱ्यानं स्पॅनिशची शिकवणी लावली, आणि घरात आठवडाभर दुसरा विषयच उरला नाही.

“‘पासा’ म्हणजे आत ये. शेवटचा ‘आ’ काढून ‘ए’ लावायचा. ‘पासे’. झालं, आत या,” तो इस्त्री करणाऱ्या बायकोला समजावत होता. “एका अक्षरात हुकमाची विनंती होते. तुझ्या टाळक्यात नाही शिरायचं ते. कॉलर नीट कर.”

तिनं कॉलर नीट केली. एका अक्षराचाच खर्च होता तर, तिच्या मनात आलं, आणि या माणसानं तोही इतकी वर्षं वाचवला.

“ठेव ती इस्त्री. इकडे ये, सराव करू. तू पाहुणी.”

त्यानं बाहेरच्या खोलीचं दार उघडलं, कमरेत वाकला आणि मधाळ आवाजात म्हणाला, “पासे, सेन्योरा. सिएंतेसे, पोर फावोर.” वर खुर्चीही तिच्यासाठी मागे ओढली. ती बसली. हा वाकू शकतो हे तिला आजच कळत होतं. एरवी कंबर दुखते म्हणून तो स्वतःचं जेवलेलं ताटही उचलत नसे.

“कसं जमलं?”

“छान. कुणालाही वाटेल, घरचं वळणच आहे.”

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला. तो खूश झाला. “बरं, ऊठ आता. पाणी आण.”

ती खुर्चीत आणखी मागे रेलली.

“तेही स्पॅनिशमध्येच सांगा,” ती म्हणाली. “मला नाही कळलं तरी चालेल.”