नमस्ते, शलाका!

शलाका वर्गात शिरताच मुलं उठून उभी राहिली. पहिल्या बाकावरची मुक्ता मात्र बसूनच हसत म्हणाली, "नमस्ते, शलाका!"

बी.एड. करता करता शलाका डेन्मार्कच्या शाळेत दोन महिने शिकवून आली होती. कालच तिनं इथल्या मुलांना तिथले फोटो दाखवले. "तिथली मुलं शिक्षकांसाठी उठत नाहीत, त्यांना नावानं हाक मारतात. आपल्याकडेही असंच हवं!" सांगताना ती नुसती खुलली होती.

आज तिच्या पाठाला गुण द्यायला कॉलेजच्या मॅडम मागे बसल्या होत्या. त्यांची भुवई वर गेली.

"लाज नाही वाटत?" शलाका कडाडली. "ऊठ! तास संपेपर्यंत बसायचं नाही!"

मुक्ता उठली. "चुकले, बाई."

तासानंतर मॅडमनी वहीत शेरा लिहिला, 'वर्गावर उत्तम पकड. परदेशात शिकवल्याचा फायदा दिसतो.'