हमखास बर्फ

दुपारच्या सुट्टीची पाटी दाराला अडकवून सहलींचा एजंट टेबलाशी आला आणि त्याने दोन पत्रकं बायकोपुढे ठेवली. गिऱ्हाईक बसायचं त्या खुर्चीत आज ती बसली होती. नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर.

"सांग," तो म्हणाला, "वरचं की खालचं?"

आणि म्हणताक्षणीच त्याने जीभ चावली. छातीच्या डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, "फिरवून आणायचं असेल तर हाच हिवाळा. पण हजार मीटरच्या वर न्याल, तर परत आणाल याची खात्री मी देणार नाही." म्हणजे निवडायला काही उरलंच नव्हतं. वरचं ठिकाण तीन हजार मीटरवर, उभ्या कड्यांचं. खालचं टेकड्यांमधलं, शिकाऊंसाठी सपाटसे उतार, हाकेच्या अंतरावर दवाखाना. पण जन्मभर गिऱ्हाइकापुढे दोन पत्रकं टाकायची सवय. हात आपला दोन ठेवून मोकळा झाला.

दर हिवाळ्यात दुकानाच्या काचेमागे ती कापूस पसरून बर्फ करायची आणि त्यात स्कीच्या दोन जुन्या फळ्या खोचायची. यंदा तिने कापसाचं पुडकं उघडलंच नव्हतं. "आता खरा बघायचा," म्हणाली होती. "त्या फळ्यांवर एकदा उभी राहीन. पडले तर पडले."

तिने खालच्या ठिकाणाचं पत्रक उचललं आणि थांबत थांबत वाचलं. "'बर्फ हमखास! डिसेंबर ते मार्च हमखास! पांढराशुभ्र गालिचा... आपली वाट पाहतोय!'"

"बघ," तो घाईने म्हणाला. "झालं तर मग. थांब, हॉटेलवाल्याला विचारूनच घेतो."

फोन करायला तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"बर्फ?" हॉटेलवाला हसला. "साहेब, तिसरा हिवाळा कोरडा चाललाय. उतारावर गुरं चरतायत."

"महिनाअखेर तरी? थोडासा? एखाद्या सावलीच्या कोपऱ्यात?"

"छापता तुम्ही, आणि विचारता मला?"

फोन ठेवल्यावर तो क्षणभर कपाटाला टेकून उभा राहिला. गेल्या वर्षी दोन कुटुंबं तिथला चिखल तुडवून आली आणि टेबलावर हात आपटून गेली, तेव्हा त्याने सगळं निसर्गावर ढकललं होतं. निसर्गाला कोण जाब विचारणार! चेहरा पुसून तो बाहेर आला.

"गुडघाभर पडलाय म्हणे. आणखी पडतोय."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला. मग तिने दुसरं पत्रक पुढे ओढलं. "'उंची तीन हजार मीटर. बर्फ आहे. जाड मोजे आणावेत.'" तिने त्याच्याकडे पाहिलं. "बस? एवढंच?"

"तिथे आणखी काय लिहिणार?"

"तेच म्हणते मी. तुमची पत्रकं छापण्याआधी कोण वाचतं? सव्वीस वर्षं मीच वाचतेय ना? जिथे काही नसतं, तिथेच तुम्ही हमखास लिहिता, वर उद्गारचिन्ह देऊन."

तो आपल्या खुर्चीत बसला. "अगं, वर तुला श्वास मिळायचा नाही."

"इथे कुठे मिळतोय?"

"डॉक्टर काय म्हणाले, तू ऐकलंस ना?" त्याने तिचे दोन्ही हात धरले. "हवं तर दुसरीकडे जाऊ. समुद्रावर जाऊ. बर्फ गेला खड्ड्यात, मला तू हवी आहेस. तू परत आली नाहीस, तर मी या खुर्चीत बसून कुणाला काय विकू?"

तिचे डोळे भरून आले. सिलिंडरचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"मलाही दोन्ही हवंय हो," ती म्हणाली. "तुम्हीपण आणि बर्फपण. पण तुम्ही तर दोन पत्रकं ठेवलीत माझ्यापुढे."

टेबलाचा खालचा खण तिने स्वतःच उघडला, वरच्या ठिकाणाचा फॉर्म काढला आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने तिचं नाव लिहिलं. वय लिहिलं. जवळचा नातेवाईक, तिथे स्वतःचं नाव लिहिलं. शेवटच्या रकान्यात 'प्रवाशाची प्रकृती' छापलं होतं. हा रकाना तो आजवर गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत भरून टाकायचा. आज पेन तिथेच अडलं.

"लिहा ना," ती म्हणाली. "ठणठणीत."

त्याने लिहिलं. हात सवयीने थोडा पुढे सरकला, आणि उद्गारचिन्ह देऊन थांबला.