टिकाऊ नाही

घणाचा पहिला घाव बसला आणि भिंतीला काहीच झालं नाही. घण मारणाऱ्याने मनगट झटकलं. तोडायला आलेल्या पालिकेच्या पथकाचे साहेब, राजाराम मेस्त्री, पुढे झाले आणि त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

गोवंडीच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या, पोत्यांच्या, ताडपत्रीच्या झोपड्या होत्या. त्यांना कुणी हात लावला नव्हता. पाडायचं होतं ते मधलं एकच घर, दशरथ आणि मालनचं. मालन उंबऱ्यावर बसून होती. दशरथ तिच्या मागे उभा होता. तिथून हलायला दोघंही तयार नव्हती.

निरोप मिळाला तशी अनुपमा देवधर मुलुंडहून रिक्षा करून आली. ती इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायची. वीजकेंद्रातून फेकली जाणारी राख आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एक गॅसचा कारखाना टाकून देई तो चुन्याचा गाळ, या दोन्हींच्या तिने विटा केल्या होत्या. भट्टी नाही की कोळसा नाही. साच्यात घालायच्या, सावलीत ठेवायच्या आणि पाणी मारत राहायचं. कॉलेजातले लोक तिला राखवाली म्हणत. राखेच्या घरात काय माणसं राहतात, असं गोवंडीतल्या म्हाताऱ्याही म्हणाल्या. मालन तेवढी तयार झाली. स्टोव्हच्या भडक्यात तिची चटयांची झोपडी जळून गेली होती. राख आणखी काय जळणार, म्हणाली. अख्खा उन्हाळा तिने आणि दशरथने नळावर रांग लावून पाणी आणलं. ते आधी विटांना पाजलं, उरलं ते स्वतःला.

हे घर बघायला लवकरच सरकारची एक समिती यायची होती. तिला पसंत पडलं असतं, तर अशी शेकडो घरं बांधायचं ठरत होतं.

अनुपमाने हे सगळं मेस्त्रींना उभ्या उभ्या सांगितलं. ही भिंत आगीला दाद देत नाही. भट्टीतल्या विटेपेक्षा मजबूत आहे. आपण सगळे जाऊ, पण ही पन्नास वर्षं हलायची नाही. बोलता बोलता तिला उत्साह चढला. इतकं मन लावून तिचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

मेस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी नियम सांगितला. कच्च्या झोपड्यांना सध्या हात लावायचा नाही, पण पक्कं बांधकाम दिसलं की पाडायचं.

"बाई, तुम्ही जितकं सांगताय ना, तितकं माझं काम सोपं होतंय," ते म्हणाले.

अनुपमा भिंतीपासून एक पाऊल मागे सरली. मालनला नियम कळला नव्हता, पण बाई मागे सरल्या हे कळलं. तिने चौकट घट्ट धरली.

मेस्त्रींनी घणवाल्याला थांबायची खूण केली. माणूस वाईट नव्हता. वहीवर पेन टेकवून त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही यातल्या जाणकार. तुमचं मत मला पंचनाम्यात लिहावं लागेल. किती टिकेल ही भिंत?"

अनुपमाने भिंतीकडे पाहिलं. घाव बसला होता तिथे नुसता पांढरा ठिपका उमटला होता.

"नाही टिकणार," ती म्हणाली. "राखच आहे ती. एका पावसात विरघळेल."

मेस्त्रींनी तसं लिहून घेतलं. अनुपमाने खाली सही केली. पथक घण खांद्यावर टाकून निघून गेलं.

गल्ली रिकामी झाल्यावर दशरथने घाबरत विचारलं, खरंच विरघळेल का. तसं काही नाही, ते साहेबांपुरतं होतं, असं अनुपमाने परोपरीने सांगितलं. पण त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. शिकलेली बाई सहीनिशी खोटं कशाला बोलेल? पावसाच्या आधी त्याने चारही भिंतींना ताडपत्री बांधली. लांबून ते घर इतरांसारखंच दिसू लागलं.

समिती आलीच नाही. पंचनामा आधीच समितीकडे पोचला होता. समितीचे अध्यक्ष श्यामकांत राजे यांनी अनुपमाला बोलावून चहा पाजला. ज्यांनी ही वीट काढली त्याच म्हणतात ती पावसात विरघळते, मग सरकारने काय करावं, असं त्यांनी अगदी आदराने विचारलं. मग तुम्ही तेव्हा खोटं लिहून दिलंत का, हेही विचारलं. हो म्हटलं असतं तर पथक दुसऱ्या दिवशी गोवंडीत आलं असतं. अनुपमाने चहा संपवला आणि लिहिलंय ते खरं आहे असं सांगितलं. राखेच्या विटांचा विषय तिथेच मिटला.

हे मालनला सांगायला तिचा पाय निघत नव्हता. पाऊस सरल्यावर एकदाची गेली. दशरथने ताडपत्री सोडून घडी घातली होती. भिंती आतून कोरड्या ठणठणीत होत्या. मालन हातोडी घेऊन उभी होती आणि तिच्या पायाशी वाकडे झालेले खिळे पडले होते. तिला आरसा टांगायचा होता. आल्या आल्या तिने तक्रारच सुरू केली.

"काय भिंत केलीत ही, बाई! एक खिळा जाईल तर शपथ."

अनुपमाने तिच्या हातातून हातोडी घेतली. नवा खिळा भिंतीवर धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मारला.

खिळा वाकला.