सोमवारचं मौन

दर सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. त्या सोमवारी सुनेची, गीतांजलीची, ऑनलाइन मुलाखत होती. यश यावं म्हणून तिच्या लॅपटॉपवर तीर्थ शिंपडायला गेले, तर वाटीच कलंडली. कीबोर्ड पदरानं टिपला आणि देवघरात जाऊन बसले.

लॅपटॉप सुरूच झाला नाही. मुलाखत हुकली. माझ्या मुलानं, शुभमनं, तो उलटा केला, तर पाणी ठिबकलं.

"पाण्याची बाटली तिथं कावून ठेवतं वं तू?"

"माह्याच हातून सांडलं असंन," ती रडत म्हणाली.

दिवे लागले. मौन सोडायला तीच गूळपाणी घेऊन आली. "बोला आता, आई."

मी घोट घेतला. म्हणाले, "बाटली जपून ठेवत जाय ना, बाई."